गायरानाला विसावा हवा



मृगाचा पाऊस होऊन आठ दिवस झाले की गावोगावी एकच देखावा दिसतो. माळावर हिरवी लव फुटलेली असते. उन्हाळाभर कडब्यावर काढलेली जनावरे त्या वासानेच दावणीला हिसके देऊ लागतात. कडब्याची गंज तळाला गेलेली असते आणि विकत वैरण घ्यावी तर हातातला पैसा बी-बियाण्यात अडकलेला असतो. अशा वेळी माळ हिरवा झाला की घरधन्याला हायसे वाटते. तो दावी सोडतो आणि गुरे गायरानाकडे हाकलतो.

यात चुकले कुठे, असे तुम्ही विचाराल. जनावर उपाशी आहे, गवत समोर आहे आणि गायरान तर गुरांसाठीच राखलेले आहे. पण वर्षातल्या ज्या दिवसांत गवताला दात लागू नये, नेमके तेच हे दिवस असतात. आज त्याविषयी चार गोष्टी बोलायच्या आहेत. बोलणे गवताचे असले तरी खरी काळजी त्याखालच्या मातीची आहे. एका वर्षी गवत कमी आले तर पुढच्या पावसाळ्यात भरून निघेल. मुरमावरची चार बोटे माती एकदा ओढ्याला लागली, तर ती आपल्या नातवंडांच्या हयातीतही परत यायची नाही.

जमिनीखालचे गवत

गवत म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर हिरवे पाते येते. पण मारवेल, शेडा, पवना यांसारखी बहुवर्षायू गवते जितकी जमिनीच्या वर असतात, जवळजवळ तितकीच किंवा त्याहून अधिक जमिनीच्या खाली असतात. उन्हाळ्यात वरचा भाग वाळून जातो, तरी ठोंब आणि मुळे जिवंत राहतात. त्यांत गवताने मागच्या पावसाळ्यात साठवलेले अन्न असते. पहिला पाऊस पडताच जी कोवळी पाती फुटतात, ती या साठ्यावर फुटतात.

घरातली गोष्ट घ्या. बियाण्यासाठी राखलेली ज्वारी आपण वेगळी ठेवतो. कितीही ओढ लागली तरी घरची बाई त्या ज्वारीला हात लावू देत नाही. मुळांतला साठा ही गवताची बियाण्याची ज्वारी आहे. तो खर्चून ठोंबाने चार पाती काढली आणि त्याच दिवशी जनावराने ती ओरबाडली, तर ठोंबाला पुन्हा साठ्यातून काढून पाती फोडावी लागतात. तीही खाल्ली की पुन्हा. असे चार-पाच वेळा झाले की साठा संपतो आणि ठोंब जागच्या जागी मरतो. वरून पाहणाऱ्याला वाटते, यंदा पाऊसच कमी झाला.

अमेरिकेच्या मृदसंधारण खात्यातील क्रायडर नावाच्या शास्त्रज्ञांनी या विषयावरचे आपले प्रयोग १९५५ साली प्रसिद्ध केले. गवताचा वरचा भाग किती कापला तर मुळांचे काय होते, हे त्यांनी मोजून पाहिले. निम्म्याहून कमी पाला कापला तर मुळे वाढत राहिली. निम्म्याहून बराच जास्त कापला, तर मुळांची वाढ काही दिवस थांबली. जितके जास्त कापले, तितके थांबण्याचे दिवस वाढले. प्रयोग तिकडच्या गवतांवरचा असला तरी नियम सगळीकडे लागू पडतो. म्हणून चराईचा पहिला धडा असा की निम्मे खावे, निम्मे ठेवावे. ठेवलेले निम्मे वाया जात नाही. त्यावर मुळे जगतात आणि मुळांवर माती जगते.

मुळे मातीसाठी काय करतात? दरवर्षी जुन्या मुळांचा काही भाग मरतो आणि नवी मुळे येतात. मेलेले मूळ कुजते आणि त्याच्या जागी बारीक नळी राहते. पावसाचे पाणी त्याच नळीतून खाली उतरते. कुजलेल्या मुळाचा सेंद्रिय कर्ब होतो. जिवंत मुळांतून जो चिकट रस पाझरतो, त्यावर सूक्ष्म जिवाणू आणि बुरशी पोसतात. त्यांच्या चिकटपणाने मातीचे कण एकमेकांना धरून राहतात आणि रवाळ माती तयार होते. शेणखत घातलेल्या मळ्याची माती हातात घेतल्यावर जशी लागते, तशीच चांगल्या कुरणाची माती लागते. फरक इतकाच की कुरणात हे काम गवत फुकट करते.

गायरानालाही वाफसा असतो

वाफसा आल्याशिवाय रानात नांगर किंवा पाभर घालू नये, हे आपल्याला कुणी शिकवावे लागत नाही. ओल्या रानात औत घातले तर ढेकळे निघतात आणि जमीन घट्ट होते. मग ओल्या गायरानात दोनशे गुरे घालताना वाफसा का आठवत नाही?

मोठ्या जनावराचे तीन-चारशे किलोचे वजन चार लहान खुरांवर पेललेले असते. जमीन कोरडी असेल तर ती हा दाब सोसते. ओली असेल तर खूर रुततो, मातीतल्या पोकळ्या मिटतात आणि वरचा थर लिंपल्यासारखा होतो. मावळातले आणि कोकणातले शेतकरी भातखाचरात मुद्दाम चिखलणी करतात, ती पाणी खाली मुरू नये म्हणून. गुरांच्या पायांनी आपण गायरानाची तशीच चिखलणी करतो. तिथे मात्र पाणी मुरायला हवे असते.

याचा हिशेब सोपा आहे. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. २५ मिलिमीटरची एक चांगली सर आली, तर एका एकरावर सुमारे १ लाख लिटर पाणी पडते. गवताचे आच्छादन असेल तर थेंब पात्यावर फुटतो, पाणी देठावरून हळू खाली येते आणि मुळांच्या वाटेने मुरते. जमीन उघडी असेल तर मोठा थेंब ताशी ३० किलोमीटरच्या आसपास वेगाने सरळ मातीवर आदळतो. माती उडते, बारीक कण भोकांत बसतात, वर पापडी धरते आणि पाणी उताराने धावू लागते. धावताना ते माती नेते. एका हेक्टरवरून नुसता एक मिलिमीटर जाडीचा थर गेला तरी १३-१४ टन माती जाते. पावसाळ्यानंतर गायरानात फिरलात तर दगड मागच्यापेक्षा जास्त वर आलेले दिसतील. गावकरी म्हणतात, दगड वाढले. दगड वाढत नसतात, भोवतालची माती खाली जाते.

त्या पाण्याचा आपल्या विहिरीशीही संबंध आहे. बहुतेक गावांत गायरान चढावर असते आणि विहिरी उताराला. वरचे पाणी मुरले नाही तर खालच्या विहिरींना मार्चमध्येच तळ दिसतो.

घरच्या घरी दोन चाचण्या

यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. शाळेतल्या मुलांना बरोबर घ्या, त्यांनाही मौज वाटेल.

पहिली चाचणी डब्याची. दोन्ही तोंडे कापलेले पत्र्याचे दोन सारखे डबे घ्या. एक डबा गुरांच्या वाटेवर तीन-चार बोटे जमिनीत ठोकून बसवा. दुसरा जिथे गुरे पोचत नाहीत अशा गवताच्या जागी, बांधावर किंवा देवराईच्या कडेला बसवा. दोन्हींत एकेक तांब्या पाणी ओता आणि घड्याळ लावा. मी एका गावात हे केले, तेव्हा गवतातले पाणी बोलता बोलता नाहीसे झाले. वाटेवरच्या डब्यातले पाणी मात्र आम्ही घरून आलेला चहा पिऊन उठलो, तरी निम्मे शिल्लक होते. त्या दिवशी मला भाषण करावे लागले नाही.

दुसरी चाचणी ढेकळाची. त्याच दोन जागांची सुपारीएवढी वाळलेली ढेकळे आणा आणि काचेच्या दोन पेल्यांत पाण्यात अलगद सोडा. उघड्या जागेचे ढेकूळ पाहता पाहता विरघळून पाणी गढूळ होते. गवताखालचे ढेकूळ बराच वेळ धरून राहते. पावसात तुमच्या माळाचे काय होते, ते या दोन पेल्यांत दिसते.

माती परीक्षणासाठी आपण शेतातला नमुना देतो, तसा एक नमुना गायरानाचाही द्यावा. त्यात सेंद्रिय कर्बाचा आकडा पाहावा. तो ०.४० टक्क्यांच्या आत असेल तर कमी समजावा.

गवतच सांगते जमिनीचे हाल

जमीन कुठल्या पायरीवर आहे, हे गवत ओळखता येणाऱ्याला लगेच कळते. दख्खनच्या माळावर जमिनीचा कस टिकून असतो तेव्हा शेडा, मारवेल, पवना, डोंगरी अशी उंच, गोड गवते असतात. चराईचा ताण वाढला की गुरे आधी हीच गोड गवते खाऊन संपवतात आणि त्यांची जागा कुसळी घेते. कुसळी कोवळी असताना चालते. पण तिला कुसळे धरली की ती जनावराच्या तोंडात टोचतात आणि मेंढीच्या लोकरीत घुसतात. ताण तसाच राहिला तर कुसळीही विरळ होते आणि बोटभर उंचीची, एका पावसात येऊन वाळणारी गवते उरतात. त्यांची मुळे वरवरची असतात, माती धरून ठेवत नाहीत. शेवटी तरवड, टाकळा, रानतुळस, गाजरगवत असे गुरे ज्याला तोंड लावत नाहीत तेवढेच माळावर राहते.

आपल्या गायरानात तरवडच तरवड दिसत असेल, तर ते गायरान खालच्या पायरीला आले आहे असे समजावे. पण धीर सोडू नये. जुन्या ठोंबांची मुळे किंवा बी कुठे दगडाच्या आडोशाला, कुठे काटेरी झुडपाच्या पोटात तग धरून असते. त्याला फक्त विसावा पाहिजे.

माझी एक चूक

आता एक आठवण सांगतो. तिच्यात माझीच चूक आहे, म्हणून ती सांगणे बरे.

मला नोकरीला लागून दोन-तीन वर्षे झाली होती. राळेगणसिद्धी आणि हिवरे बाजार या गावांची कामे पाहून मी भारावून आलो होतो. तिथे गावाने ठरवून चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी पाळली, माळावर गवत उभे राहिले आणि जनावरे सोडण्याऐवजी लोक विळ्याने गवत कापून घरी नेऊ लागले. आमच्या भागातल्या एका गावातही हेच करायचे, असे मी मनाशी ठरवले. ग्रामसभेत तावातावाने बोललो. शंभर एकरांचे गायरान एकदम बंद करायचा ठराव झाला. बाभळीच्या फांद्या टाकून कुंपण घातले. मला वाटले, जिंकलो.

सभेच्या मागच्या बाजूला एक म्हातारे आबा बसले होते. ते एवढेच म्हणाले, "साहेब, आमच्या वडलांच्या वेळेला हितं गवतात वासरू लपायचं. गवात यावं हे खरंच. पण एका दमात समदं बंद केलं तर टिकायचं न्हाई."

मी ऐकले नाही. दोन महिन्यांत कुंपण जागोजागी मोडले. रात्री गुरे आत जाऊ लागली. राखणदार आणि गुराखी यांच्यात मारामारी होऊन प्रकरण पोलीसपाटलांपर्यंत गेले. एके दिवशी वेशीपाशी एक बाई भेटली. तिला जमीन नव्हती, चार शेरडांवर घर चालत होते. मी म्हटले, "काय मावशी, शेरडं दिसत नाहीत?"

ती म्हणाली, "इकली, दादा. कुठं चारू? बागायतदाराच्या गाईला बांधावरचं गवात हाय, उसाचं वाढं हाय. माझ्या शेरडांना ह्यो माळ तेवढा होता. तुमचं गवात वाचलं, पर आमचं काय?"

त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. ज्या गावांची मी उदाहरणे देत होतो, तिथल्या लोकांनी आधी वर्षानुवर्षे एकत्र श्रमदान केले होते, एकमेकांचा विश्वास कमावला होता. बंदी हा त्यातला एक भाग होता. मी ते सगळे सोडून नुसती बंदी उचलली होती. गायरानाचा भार सगळ्यांत जास्त सोसणारे आणि त्यावर सगळ्यांत जास्त अवलंबून असणारे घर भूमिहीनाचे असते. मातीच्या नावाने त्याच घराच्या पोटावर पाय आला, तर ती योजना टिकत नाही आणि टिकूही नये.

चार वाटे करा

पुढच्या वर्षी आम्ही पुन्हा बसलो. या वेळी सभा शाळेत न घेता माळावरच घेतली आणि बायाबापड्यांना, धनगरवाड्यावरच्या लोकांना मुद्दाम बोलावले. तेव्हा जे ठरले ते आजही मी दुसऱ्या गावांना सांगतो.

१. गायरानाचे चार वाटे करावेत. खुणेसाठी दगडांना चुना लावला तरी पुरे. तारेच्या कुंपणाचा खर्च नको.

२. दरवर्षी एकच वाटा मृगापासून दिवाळीपर्यंत पूर्ण बंद ठेवावा. तेवढ्या काळात गवत फुलोऱ्यात येते, बी पिकून खाली पडते आणि मुळांचा साठा भरतो. दिवाळीनंतर तिथले गवत विळ्याने चार बोटे बुडखा ठेवून कापावे. कुसळीचा वाटा असेल तर तिच्यापुरता अपवाद करावा आणि कुसळे पक्व होण्याआधीच ती कापून घ्यावी. पुढच्या वर्षी दुसरा वाटा बंद. अशा रीतीने चार वर्षांत प्रत्येक वाट्याला एक पूर्ण विसावा मिळतो.

३. उरलेल्या तीन वाट्यांतही गुरे रोज सगळीकडे फिरवू नयेत. एका वाट्यात आठ-दहा दिवस चारून पुढे सरकावे. गवत निम्मे उरले की जागा सोडावी.

४. पहिल्या पावसानंतर तीन-चार आठवडे, निदान गवत वीतभर होईपर्यंत, गुरे गायरानात सोडू नयेत. त्यासाठी प्रत्येकाने तेवढ्या दिवसांचा कडबा सुगीतच बाजूला काढून ठेवावा. ही सगळ्यांत अवघड अट आहे, पण सगळ्यांत जास्त फळ हीच देते.

५. मुसळधार पावसानंतर माळ निथळेपर्यंत एक-दोन दिवस गुरे बाहेरच ठेवावीत.

६. शेळ्यांना ओढ्याकाठची झुडपी जागा आधी द्यावी. शेळीवर सगळे खापर फोडण्याची आपल्याला सवय आहे. खरे पाहता शेळी मुख्यतः पाला खाते. बोर, हिवर, बाभळीच्या शेंगा तिला गवतापेक्षा प्रिय. गवत अगदी जमिनीलगत कुरतडते ती मेंढी. गाय जिभेने वेढा घालून गवत ओढते, त्यामुळे ती थोडा बुडखा सोडते. प्रत्येकाच्या तोंडाप्रमाणे जागा ठरवली तर भांडण निम्मे मिटते.

७. बंद वाट्यातले गवत कापण्याचा पहिला मान भूमिहीन घरांचा. बागायतदारांनी नंतर, वर्गणी भरून न्यावे. वर्गणीतून राखणदाराचा पगार भागवावा.

हा शेवटचा नियम त्या शेरडे विकलेल्या मावशींनीच सभेत सुचवला होता. पहिल्या वर्षी कुणी फारसे शब्दाला जागले नाही. दुसऱ्या वर्षी निम्म्या लोकांनी पाळले. तिसऱ्या पावसाळ्यात आबांनी मला बोलावून नेले आणि एका दगडाच्या कडेला फुटलेला मारवेलचा ठोंब दाखवला. बोलले काहीच नाहीत, नुसता त्यावरून हात फिरवला. मावशींनी त्याच सुमारास पुन्हा दोन पाठी घेतल्या.

हिशेब डोळ्यांआड करू नका

आता खरे तेही सांगितले पाहिजे. नुसत्या विसाव्याने सगळ्या गावाची गुरे पोसतील, असे नाही.

तीनशे किलो वजनाच्या गाईला दिवसाला साधारण साडेसात किलो कोरडा चारा लागतो. शंभर एकर म्हणजे ४० हेक्टर गायरान धरू. उजाड माळावर हेक्टरी एक टन वाळले गवत आले, तर एकूण ४० टन. निम्मे मातीसाठी ठेवायचे, म्हणजे हाती २० टन. गावात दोनशे मोठी जनावरे असतील तर हे गवत त्यांना जेमतेम १३ दिवस पुरते. गायरान सुधारून हेक्टरी तीन टन गवत आले तरी दिवस ४० होतात. बाकीच्या सव्वातीनशे दिवसांची सोय शेतातला कडबा, बांधावरचे गवत आणि थोडा हिरवा चारा यांतूनच झाली पाहिजे. म्हणून भाकड, निरुपयोगी जनावरांची संख्या वाढवत न नेता थोडी पण चांगली जनावरे ठेवावीत. कडबा अखंड न टाकता कुट्टी करून घालावा, म्हणजे नासाडी वाचते. २०१२-१३ आणि २०१८-१९ च्या दुष्काळांत चारा छावण्यांत जनावरे नेऊन बांधण्याची पाळी कितीतरी गावांवर आली. त्या आठवणी अजून ताज्या आहेत.

गायरान देते, आपण काय देतो?

आणखी एक गोष्ट सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही. जनावर दिवसभर गायरानात चरते आणि रात्री गोठ्यात शेण टाकते. ते शेण उकिरड्यात जाते, तिथून शेतात जाते किंवा गोवऱ्या होऊन चुलीत जाते. गायरानात पडलेले शेणही आपण पाट्या घेऊन वेचून आणतो. म्हणजे पिढ्यान् पिढ्या गायरानाचा कस रोज संध्याकाळी गुरांच्या पोटातून गावात येतो आणि परत काही जात नाही. रोज काढायचे आणि कधी भरायचे नाही, तर कुठली पेटी पुरेल?

त्यावर उपाय साधा आहे. विसाव्याच्या वाट्यात पडलेले शेण वेचू नये. दिवाळीनंतर शेतात मेंढ्या बसवतो, तसा धनगरांचा कळप गायरानाच्या अगदी उजाड तुकड्यांवर दोन-चार रात्री बसवावा. लेंडी आणि मूत्र मातीला मिळते. तेही जमीन कोरडी असतानाच. कळपामागून येणाऱ्या या माणसांना हुसकावून लावण्याऐवजी त्यांच्याशी आधी बोलून जागा आणि दिवस ठरवले, तर दोघांचाही फायदा होतो.

काय करू नये

गवत सुधारायचे म्हणून गायरान ट्रॅक्टरने नांगरू नये. जिवंत ठोंब उलटतात आणि मोकळी माती पहिल्याच वळवाला वाहून जाते. अगदी उघड्या जागी खुरप्याने वरवर उकरून मारवेल किंवा स्टायलोचे बी मातीत मिसळून फेकावे. स्टायलो शेंगवर्गीय असल्याने जमिनीला नत्र देते. तिचे बी टणक असते. ते सुमारे ८० अंश गरम पाण्यात चार-पाच मिनिटे ठेवून मग गार पाण्यात काढावे, म्हणजे उगवण चांगली होते.

नवा फुटवा लवकर यावा म्हणून उन्हाळ्यात माळ पेटवू नये. वणव्याने आच्छादन जळते आणि पहिला पाऊस उघड्या मातीवर पडतो.

माळ दिसला की दाट झाडे लावायची, हाही हट्ट नको. गवताचा माळ पडीक नसतो. ते गवताचे रान आहे आणि आपल्या कमी पावसाच्या मुलखाला ते शोभणारे आहे. ओढ्याकाठी, बांधावर झाडे जरूर लावा.

वर्षानुवर्षे पूर्ण बंदीही नको. कापणी नाही, चराई नाही असे बरीच वर्षे राहिले तर जुने वाळलेले गवत साठून नव्या फुटव्याला ऊन मिळत नाही. आणि जितकी जास्त जनावरे एकदम सोडाल तितकी जमीन सुधारेल, असे कुणी सांगितले तर आपल्या उथळ, मुरमाड माळावर त्यावर भरवसा ठेवू नका. सुधारणा विसाव्याने होते.

गायरान कुणाचे?

सगळ्यांचे असते, म्हणून कुणाचेच नसते, अशी त्याची गत झाली आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ प्रमाणे चराईसाठी राखलेली जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या मंजुरीशिवाय दुसऱ्या कामाला वापरता येत नाही. गावांच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे काढावीत, असे सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०११ मध्ये बजावले आहे. पण कागदावर राखलेले गायरान गावाने प्रत्यक्षात राखले नाही, तर तिथे फक्त दगड उरतात. गाव करी ते राव न करी, हे इथेही खरे आहे.

तेव्हा यंदा एवढे करा. मृगाच्या आधी ग्रामसभेत हा विषय काढा आणि सभा माळावर घ्या. ज्यांच्या शेळ्या-मेंढ्या आहेत त्यांना पुढे बसवा आणि आधी त्यांचे ऐका. सगळे गायरान नको, चौथा हिस्सा विसाव्याला ठेवा. पुढच्या वर्षी तोच डबा आणि तोच तांब्या घेऊन त्याच जागी जा. पाणी लवकर मुरले की समजा, माती तुमच्या बाजूने उभी राहू लागली आहे.

तुमच्या गायरानात कुठली गवते उरली आहेत, ते पत्राने जरूर कळवा. गवताची काडी पाकिटात घालून पाठवलीत तर नाव ओळखून सांगेन.